आकडा जुळला म्हणजे हिशेब बरोबर, असे नाही

बारडोलीचा सत्याग्रह म्हटला की वल्लभभाईंना मिळालेली सरदारकी, जप्तीत गेलेल्या म्हशी आणि सारा न भरण्याची शपथ आठवते. त्या लढ्याच्या मुळाशी एक हिशेब होता, ही गोष्ट मात्र मागे पडली आहे. सुरत जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या जमाबंदीची मुदत संपत आली, तेव्हा मुंबई सरकारने फेरआकारणीचे काम एम. एस. जयकर या अधिकाऱ्याकडे सोपवले (हे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर नव्हेत). ताप्ती व्हॅली रेल्वेमुळे झालेली सोय, धान्याचे चढलेले भाव, जमिनीच्या वाढलेल्या किमती अशा गोष्टींवरून त्यांनी सुमारे ३० टक्के सारावाढ सुचवली. सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांना ही रीत पटली नाही. भाव आणि किमती बाजूला ठेवून, कसायला दिलेल्या जमिनीच्या खंडावरच आकारणी बेतावी, असे त्यांचे मत होते. त्या रीतीने त्यांचा आकडा आला सुमारे २९ टक्के. सरकारने तो २२ टक्क्यांवर आणला आणि १२ फेब्रुवारी १९२८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. ब्रूमफील्ड हे न्यायखात्यातले आणि मॅक्सवेल हे महसूल खात्यातले, अशा दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गावोगाव चौकशी केली. १९२९ साली त्यांनी दिलेल्या अहवालात वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली.

या हकिगतीतला सर्वांत उद्बोधक भाग ३० आणि २९ या दोन आकड्यांत आहे. दोन अधिकारी, दोन वेगळ्या रीती आणि उत्तर जवळजवळ एकच. सचिवालयात बसलेल्या कोणालाही वाटले असते की आता शंकेला जागा उरली नाही. प्रत्यक्षात दोन्ही हिशेब डळमळीत होते. खंडाचे तक्ते गावात जाऊन नीट पडताळलेले नव्हते. खंडाने दिलेल्या जमिनीचे सात वर्षांचे एकत्रित क्षेत्र अँडरसन यांनी एका वर्षाचे धरले, त्यामुळे तालुक्यातली फार मोठी जमीन खंडाने दिली जाते असे चित्र उभे राहिले आणि त्या चित्रावर सारी आकारणी बेतली गेली. तक्त्यातला आकडा होता तसाच नव्या रीतीत आला. तो किती वर्षांचा आहे, हा त्याचा अर्थ मात्र वाटेत गळाला. नरहरी परीख, महादेवभाई देसाई यांच्यासारख्यांनी अहवालातली कलमे एकेक करून तपासली, भुलाभाई देसाईंनी चौकशीपुढे शेतकऱ्यांची बाजू मांडली. त्यांनी सरकारचे उत्तर नाकारले एवढेच नाही. त्या उत्तरापर्यंत जाणारी प्रत्येक पायरी उघडी करून मागितली. ती उघडी झाल्यावरच चूक सापडली.

आज असे हिशेब माणसे कमी करतात आणि संगणक अधिक. उपग्रहाच्या प्रतिमेवरून पिकाचे उत्पन्न काढायचे असो, रुग्णाच्या नमुन्यातून विषाणूचा प्रकार ओळखायचा असो की दुर्बिणीच्या नोंदींतून आकाशाचा नकाशा करायचा असो, कच्च्या माहितीपासून निष्कर्षापर्यंत पंधरा-वीस पायऱ्या असतात. आधी सफाई, मग गाळणी, मग जुळवणी, मग मोजणी. एका पायरीचे उत्तर पुढच्या पायरीची सामग्री होते. ही साखळी हाताने चालवणे अवघड झाले, म्हणून तिची मांडणी करणाऱ्या आणि ती आपोआप चालवणाऱ्या प्रणाली आल्या. या साखळीला वर्कफ्लो म्हणतात आणि प्रणालींची नावे आहेत गॅलक्सी, स्नेकमेक, नेक्स्टफ्लो, टॅव्हर्ना अशी कितीतरी. प्रत्येकीची भाषा वेगळी. एका प्रयोगशाळेने स्नेकमेकमध्ये लिहिलेली साखळी नेक्स्टफ्लो वापरणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळेत जशीच्या तशी चालत नाही. ती नव्याने लिहावी लागते. हे काम कारकुनी आहे, एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवून मोकळे व्हावे, असा समज वैज्ञानिक संस्थांत सर्रास आढळतो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. एका प्रणालीतून दुसरीत हिशेब नेणे म्हणजे त्या हिशेबाची तपासणी करणे आहे. त्याला तपासणीचा दर्जा, वेळ आणि पैसा मिळाला नाही, तर आपण अँडरसन यांचीच चूक वेगवान यंत्रांवर करत राहू.

हिशेब हलवण्याची गरज टाळता येत नाही, कारण प्रणाली माणसांपेक्षा अल्पायुषी असतात. ब्रिटनमधून सुरू झालेली टॅव्हर्ना एके काळी जीवशास्त्रज्ञांची लाडकी होती. २०२० मध्ये तिचे काम अधिकृतपणे थांबले. त्याआधीच, २०१२ साली, संशोधकांनी टॅव्हर्नाच्या ९२ सार्वजनिक वर्कफ्लोंची चाचणी घेतली, तेव्हा सुमारे ८० टक्के वर्कफ्लो एक तर चाललेच नाहीत किंवा पूर्वीचे उत्तर देईनात. मुख्य कारण साधे होते. ज्या बाहेरच्या सेवांवर ते अवलंबून होते, त्या बंद पडल्या होत्या किंवा बदलल्या होत्या. पुण्याजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. तिच्या नोंदींवर प्रक्रिया करणारी ‘स्पॅम’ ही गाजलेली साखळी ‘एप्स’ हे जुने सॉफ्टवेअर आणि पायथन २ यांवर उभी होती. पायथन २ ला मिळणारा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये ‘कासा’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आधारलेली ‘कॅप्चर’ ही साखळी प्रसिद्ध केली. दुर्बीण तीच राहते, तिच्या नोंदी वाचणारी अवजारे दर दशकात बदलतात. ३० अँटेनांची दुर्बीण उभारायला देशाने जो पैसा घातला, त्याचे चीज होणे या स्थलांतरांवर अवलंबून आहे.

मग हे स्थलांतर अवघड का? शब्दाला शब्द ठेवून ते होत नाही, कारण प्रणालींची विचार करण्याची दिशाच वेगळी असते. स्नेकमेक शेवटाकडून मागे येते: अमुक नावाची फाइल हवी आहे, ती कशापासून बनते, ते कशापासून बनते, असे विचारत ती पहिल्या पायरीपर्यंत पोचते. तिथे फाइलीच्या नावातच बराचसा अर्थ भरलेला असतो. नेक्स्टफ्लो पुढे वाहते: माहिती आली की ती पुढच्या पायरीकडे ढकलली जाते आणि ज्या नमुन्याचे काम आधी संपेल तो आधी पुढे जातो. क्रमाची हमी नसते. आता जुन्या साखळीत दोन याद्या क्रमाने जोडल्या जात असतील आणि नव्या साखळीतही तशाच क्रमाने जोडल्या, तर एका रुग्णाच्या नमुन्याला दुसऱ्याचा अहवाल चिकटू शकतो. यंत्र कुठेही चूक दाखवणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नाही. जनुकशास्त्रातल्या बेड प्रकारच्या फाइलीत स्थानांची मोजणी शून्यापासून सुरू होते, व्हीसीएफ प्रकारच्या फाइलीत एकापासून. हा फरक लक्षात न घेता आकडा इकडून तिकडे नेला, की प्रत्येक बदल एक घर सरकतो. आकडा खरा, रीत नेहमीची आणि निष्कर्ष चुकीचा. सात वर्षांची बेरीज एका वर्षाची धरण्याच्याच जातीची ही चूक आहे.

याचे परिणाम प्रयोगशाळेच्या भिंतींच्या आत राहत नाहीत. करोनाच्या दुसऱ्या लाटेआधी महाराष्ट्रातल्या नमुन्यांत विषाणूचे नवे बदल पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी नोंदवले. देशभर अशा कामासाठी डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले होते. या कामात विषाणूचा जनुकसंच छोट्या तुकड्यांत वाढवून वाचतात आणि तुकड्यांच्या टोकांना जोडलेले कृत्रिम भाग नंतर हिशेबातून वगळतात. पुढे जगभरात दिसून आले की त्या वेळच्या एका प्रचलित संचातला एक तुकडा डेल्टा प्रकारात नीट वाढतच नव्हता, त्यामुळे त्या जागेवरचा एक बदल कितीतरी नमुन्यांत प्रत्यक्षाहून कमी नोंदला गेला. जिथे वाचनच पुरेसे मिळाले नाही, तिथे ‘माहिती नाही’ असे लिहायचे की विषाणूचे मूळ अक्षर गृहीत धरायचे, हा निर्णय साखळीच्या मध्यावरची एक ओळ घेते. ती ओळ एका प्रणालीत एक असते आणि दुसरीत दुसरी, आणि ती कोणती आहे हे अहवाल वाचणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याला कळायला मार्ग नसतो. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायची, तर सर्वांची साखळी एकाच अर्थाची असली पाहिजे. निदान कुठे वेगळी आहे, हे तरी लिहिलेले हवे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जुन्या आणि नव्या साखळीतून एकच माहिती चालवून पाहावी, उत्तरे जुळली की झाले. ही चाचणी आवश्यक आहे, पण तिच्यावर थांबता येत नाही. ३० आणि २९ हे आकडेही जुळलेच होते. दोन साखळ्यांत एकच चूक शिरली असेल, किंवा दोन वेगळ्या चुका योगायोगाने एकाच दिशेने ओढत असतील, तर जुळणी खोटा दिलासा देते. उलटही घडते. नेक्स्टफ्लोच्या निर्मात्यांनी २०१७ साली दाखवून दिले की तीच साखळी, तीच माहिती, फक्त यंत्र वेगळे, एवढ्यावरही एका परजीवीच्या जनुकांच्या यादीत फरक पडला. सॉफ्टवेअरचा सगळा संच एकत्र बंद करून तोच दोन्हीकडे चालवला, तेव्हा फरक मिटला. म्हणजे उत्तरे जुळली नाहीत म्हणून नवी साखळी चुकीची ठरत नाही आणि जुळली म्हणून बरोबरही ठरत नाही. ज्याचे खरे उत्तर आधीच स्वतंत्रपणे ठाऊक आहे, अशी छोटी चाचणी-सामग्री प्रत्येक पायरीसाठी हवी. शून्य नोंदी असलेला नमुना, अर्धवट नमुना, मुद्दाम चूक घातलेला नमुना यांवर साखळी काय करते, ते पाहायला हवे. तालुक्याच्या सरासरीवर विसंबून न राहता गावातले एकेक खंडपत्र काढून बघणे, हेच ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या चौकशीचे बळ होते.

दुसरा आक्षेप प्रशासकांना आवडणारा आहे: सरकारने एकच प्रणाली ठरवून द्यावी, म्हणजे भाषांतराचा प्रश्नच मिटेल. तो मिटत नाही, पुढे ढकलला जातो. दहा वर्षांपूर्वी असा हुकूम निघाला असता, तर कदाचित टॅव्हर्नाची निवड झाली असती आणि आज सारा देश एकदमच अडला असता. शिवाय गरजाही वेगळ्या आहेत. संगणकाची भाषा न शिकलेल्या जीवशास्त्रज्ञाला गॅलक्सीचा चित्रमय पडदा सोयीचा, हजारो नमुने क्लाउडवर चालवणाऱ्याला दुसरे काही. एक प्रणाली लादण्यापेक्षा सर्वांना वाचता येईल असे सामाईक वर्णन असणे शहाणपणाचे. तो प्रयत्न जगात झालाही आहे. युरोपातल्या ‘शिवा’ नावाच्या प्रकल्पाने गेल्या दशकाच्या सुरुवातीला वर्कफ्लोंची अदलाबदल करण्यासाठी एक मध्यस्थ भाषा घडवली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉमन वर्कफ्लो लँग्वेज’ची पहिली पक्की आवृत्ती २०१६ मध्ये आली. अशा मध्यस्थ भाषांनाही मर्यादा आहेत. जे सर्व प्रणालींत समान, तेवढेच त्यांत नीट बसते, एखाद्या प्रणालीची खास लकब बाहेर राहते किंवा बंद पेटीसारखी आत ठेवावी लागते. तरीही काय बसले नाही याची यादी समोर येते, आणि तपासणाऱ्याने नेमके तिथेच पाहायचे असते.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा: कृत्रिम बुद्धिमत्ता हे सारे क्षणात करील. पहिला मसुदा ती झटपट देईल, यात वाद नाही, आणि तो नाकारणे हट्टीपणाचे ठरेल. पण साखळीत जे लिहिले आहे, तेच तिला दिसते. मोजणी शून्यापासून आहे की एकापासून, क्षेत्र एकरात आहे की हेक्टरात, बेरीज एका हंगामाची आहे की सातांची, या गोष्टी बहुतेक वेळा आज्ञावलीत लिहिलेल्याच नसतात. त्या लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतात. न लिहिलेले गृहीतक यंत्राने अंदाजाने भरले, तर ते सुबकपणे भरले जाईल आणि सुबक चूक पकडणे सर्वांत कठीण. अँडरसन हे महसुलातले अनुभवी अधिकारी होते. वाचनाचा वेग किंवा हुशारी त्यांच्यात कमी नव्हती. तक्ता ज्याने केला त्याच्याशी आणि ज्या जमिनीचा केला तिच्याशी ताळा घेणे तेवढे राहून गेले. भाषांतर यंत्राने केले तरी ताळ्याची जबाबदारी माणसाची राहते, आणि यंत्राने भाषांतर स्वस्त केल्यामुळे तर ती वाढते.

चौथा आक्षेप वजनदार आहे आणि तो शास्त्रज्ञांकडूनच येतो. ते म्हणतात, जुनी साखळी अक्षरशः पुन्हा चालवण्यात विज्ञान कुठे आहे? नव्या माणसाने, नव्या रीतीने, तोच प्रश्न सोडवावा, हीच खरी कसोटी. तत्त्व मान्य. पण स्वतंत्र रीतीने उत्तर वेगळे आले की पुढचा प्रश्न उभा राहतो: वेगळे का आले? जुन्या पायऱ्या दिसत नसतील, तर दोन उत्तरांमध्ये फक्त अधिकाराचे भांडण उरते. जीएमआरटीचेच उदाहरण घ्या. २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्‌झवर केलेल्या आकाशसर्वेक्षणाच्या नोंदी पुढे दुसऱ्या गटाने स्वतःच्या साखळीतून नव्याने चालवल्या आणि २०१७ मध्ये ३६,९०० चौरस अंश आकाशातल्या सुमारे ६.२ लाख रेडिओस्रोतांची यादी जगाला मिळाली. ती खुली होती म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीच्या सर्वेक्षणाशी ताडून पाहता आली आणि काही भागांत तेजस्वितेचे माप सरकले आहे, हेही लक्षात आले. जुन्या नोंदींतून नवे विज्ञान निघाले आणि त्यातला दोषही सापडला. नोंदी आणि रीत दोन्ही बंद कपाटात असत्या, तर यांतले एकही घडले नसते.

वेळ आणि पैसा यांचा आक्षेप खरा आहे, पण तो धोरणाकडे बोट दाखवतो. शोधनिबंध मोजले जातात, साखळी नीट लिहून ठेवणारा मोजला जात नाही, मग ते काम कोण करील? आपल्या धोरणांचा भर शोधनिबंध आणि माहिती खुली करण्यावर राहिला आहे. २०१४ मध्ये जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी निबंधांसाठी खुले धोरण आणले, २०२१ मध्ये ‘बायोटेक-प्राइड’ मार्गदर्शक तत्त्वे आली, फरिदाबादला जैविक माहितीचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’च्या दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ही पावले मोलाची आहेत. मात्र माहिती आणि निष्कर्ष यांच्यामधली वाट खुली नसेल, तर माहिती खुली करूनही काम अर्धेच राहते.

उरतो व्यापारी गुपिताचा आक्षेप, आणि त्याचा संबंध थेट शेतकऱ्याशी येतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत खरीप २०२३ पासून भात आणि गहू यांच्या उत्पन्नाच्या अंदाजात तंत्रज्ञानावर आधारलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचे ठरले. उपग्रहाच्या प्रतिमा, हवामान आणि पीकवाढीची गणिती प्रारूपे यांची ती साखळीच आहे. एका राज्यात एका संस्थेने बसवलेली साखळी दुसऱ्या राज्यात दुसऱ्या संस्थेच्या यंत्रणेवर नेताना ढगाळ दिवसांचे काय केले, आंतरपीक कशात धरले, पेरणीची तारीख कुठून घेतली, यावर भरपाई मिळणार की नाही हे ठरू शकते. कंपनीने आपले सॉफ्टवेअर विकावे, त्यावर हक्क सांगावा. पण ज्या हिशेबाने सरकारी योजनेतला दावा मंजूर किंवा नामंजूर होतो, त्याच्या पायऱ्या, गृहीतके आणि चाचण्या हे गुपित असू शकत नाही. साऱ्याची आकारणी कशी केली हे विचारण्याचा हक्क परक्या सरकारलाही अखेर मान्य करावा लागला होता. स्वतःच्या सरकारकडे तो मागावा लागू नये.

करायचे काय, तेही अवघड नाही. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक संगणकीय संशोधनाने निबंधाबरोबर आपली साखळी जमा करावी: प्रणालीच्या भाषेत एकदा आणि माणसाला वाचता येईल अशा साध्या भाषेत एकदा. प्रत्येक आकड्याचे एकक, कालावधी आणि मोजणीची रीत त्यात असावी. उत्तर आधीच ठाऊक असलेली चाचणी-सामग्री सोबत द्यावी. साखळी दुसऱ्या प्रणालीत नेली, तर काय बदलले आणि काय बसले नाही, याची नोंद सक्तीची असावी. हे काम करणाऱ्याला संशोधकाइतकेच श्रेय आणि अनुदानात वेगळी तरतूद मिळावी. पीक विमा, साथरोग आणि हवामान यांसारख्या, लोकांच्या जगण्यावर थेट परिणाम करणाऱ्या हिशेबांपासून सुरुवात व्हावी. महाराष्ट्रातली कृषी विद्यापीठे आणि पुण्यातल्या संशोधन संस्था यांनी केंद्राच्या आदेशाची वाट न पाहता हा नियम स्वतःपुरता आजच लागू करावा. आणि वाचकांनीही यापुढे कोणी संगणकाने काढलेला आकडा पुढे केला, तर तो किती आहे याच्याआधी तो कसा निघाला, हे विचारावे.